‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय बंद आहे, हे कसं ओळखायचं

सर्व्हर म्हणजे मुळात मागितलेली माहिती पुरवणारा संगणक. पण परभणी-हिंगोलीकडच्या सेतू केंद्रात, रेशन दुकानात या शब्दाचा अर्थ ‘आज काम होणार नाही’ इतका पसरलाय. रेंज गेली, अंगठा जुळला नाही, सगळ्याला हाच शब्द. माणसाला हकनाक चकरा पडतात, म्हणून खरं कारण काढून घ्या.

आधी त्याच मशीनवर दुसरी एखादी साइट उघडा. तीही उघडत नसेल तर बहुतेक रेंजचाच प्रश्न. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट जोडून बघा. बाकी सगळं उघडतंय, हीच साइट नाही, तर पडद्यावरचा आकडा वाचा. 404 म्हणजे त्या पत्त्यावर पानच नाही. पत्ता तपासा, थांबून उपयोग नाही. 503 म्हणजे सर्व्हरवर ताण किंवा दुरुस्ती. 504 म्हणजे आतल्या यंत्रणेकडून वेळेत उत्तर आलं नाही. पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत गर्दी होते, तेव्हा रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करा. पैसे भरताना अडकलं तर लगेच पुन्हा बटण दाबू नका. आधी खात्यातून रक्कम गेली का ते बघा, नाहीतर दोनदा कापली जाऊ शकते.

आधार पडताळणीत 300 आला तर सर्व्हर चालू आहे, ठसा जुळला नाही. कापूस वेचून, निंदून बोटं झिजतात, त्यात शेतकऱ्याची चूक काहीच नाही. हात धुऊन कोरडे करा, मशीनची काच पुसा, दुसरं बोट लावा.

केंद्रात ‘सर्व्हर आहे का?’ असं विचारण्यापेक्षा ‘आकडा कोणता आला?’ असं विचारा.