एअर रायफलवर स्कोप: गोव्यात नेमबाजी सुरू करणाऱ्यांसाठी

स्कोप (रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण) घेण्याआधी एवढं ठरवा की नेमबाजी कुठली करायची आहे. क्लबात जाऊन १० मीटर एअर रायफल शिकायची असेल तर स्कोपवर एक पैसाही घालू नका. त्या स्पर्धेत स्कोप चालतच नाही. तिथे पुढे कडी आणि मागे बारीक भोकाची पीप साइट असते, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या, दहा गुणांच्या ठिपक्यावर खेळाडू तेवढ्यावरच नेम धरतात. स्कोप लागतो तो बेंचरेस्टला (रायफल मेजावर टेकवून मारायची स्पर्धा), फील्ड टार्गेटला (मैदानात वेगवेगळ्या अंतरांवर ठेवलेली लक्ष्यं पाडायची स्पर्धा), किंवा घरच्या मोकळ्या जागेत १५ ते ५० मीटरवर कागदावर सराव करायचा असेल तेव्हा.

शिकारीचा विचार मनात असेल तर तो इथेच सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. जनावराला जखमी करणं आणि नुसता तसा प्रयत्न करणं हेही कायद्याच्या भाषेत शिकारीतच मोडतं. सत्तरी-सांगे-काणकोणात रानडुक्कर आणि माकडं बागायतीची नासधूस करतात, हे खरं आहे आणि शेतकऱ्याचा त्रासही खरा आहे. पण त्यावरचा मार्ग वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज करण्याचा आहे. छऱ्याच्या बंदुकीने रानडुक्कर मरत नाही, जखम घेऊन ते दिवसचे दिवस कुजत फिरतं. ४.५ मिमी बोरच्या (नळीच्या भोकाचा व्यास) आणि २० ज्यूलच्या (सुटलेल्या छऱ्याची ऊर्जा) आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. म्हणून ती कुणावरही चालवायला मोकळीक आहे असं मात्र नाही.

आता स्कोपकडे वळू. ३-९x४० असं लिहिलेलं असतं त्यातले ३ ते ९ म्हणजे मोठं करून दाखवण्याची ताकद आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. नवखा माणूस पहिला आकडा बघून भुलतो आणि २४ पटीचा स्कोप घेऊन येतो. पट वाढली की चित्र काळवंडतं, हाताचा थरकाप तेवढ्याच पटीने मोठा दिसतो आणि डोळा ठेवायची जागा चिंचोळी होते. ४० ला ९ ने भागा: डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा गोल ४.४ मिमीचा. ४ पटीवर तोच १० मिमीचा, म्हणजे मान थोडी इकडेतिकडे झाली तरी चित्र जात नाही. सुरुवातीला ३-९ किंवा ४-१२ पुष्कळ झाला.

पैसे घालायचे ते पॅरालॅक्स जुळवण्याच्या सोयीवर. स्कोप टेकूवर पक्का ठेवा, त्याला हात न लावता डोकं किंचित वर-खाली करा. क्रॉसच्या तारा लक्ष्यावर सरकताना दिसल्या तर तो पॅरालॅक्स. मोठ्या रायफलींचे स्कोप कारखान्यातच साधारण १०० मीटरला पक्के केलेले असतात. असा ४० मिमी भिंगाचा स्कोप १० मीटरवर वापरला तर डोळा कडेला गेल्यावर नेम जास्तीत जास्त १८ मिमीपर्यंत चुकू शकतो. एअर रायफलच्या टार्गेटचा काळा गोल सबंध ३०.५ मिमीचा असतो, यावरून अंदाज करा. म्हणून पुढच्या भिंगाभोवती फिरती कडी किंवा डाव्या अंगाला साइड फोकसचा नॉब असलेला आणि १० मीटरपर्यंत खाली येणारा स्कोपच घ्या. घरी आणल्यावर आधी मागचं भिंग स्वतःच्या डोळ्याला जुळवा: पांढऱ्या भिंतीकडे दोन-तीन सेकंदच बघा, तारा धूसर दिसल्या तर नजर काढा, कडी फिरवा, पुन्हा बघा. टक लावून बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. हे राहून गेलं की पुढच्या कडीवरचे अंतराचे आकडे काही उपयोगाचे राहत नाहीत.

दुसरी महत्त्वाची गोष्ट माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर पकडून ठेवणारी बैठक. स्प्रिंगवाल्या रायफलीचा धक्का दोन्हीकडून बसतो. पिस्टन पुढे सुटला की रायफल मागे येते, आणि पिस्टन शेवटाला आदळला की ती झटक्याने पुढे जाते. बारुदाच्या रायफलीचा स्कोप एकाच दिशेचा धक्का सोसायला बांधलेला असतो, म्हणून दणकट आणि महागडा असूनही स्प्रिंगवर त्याच्या तारा तुटतात, भिंगं सैल होतात. खोक्यावर एअरगनसाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं बघा. स्प्रिंग रायफलीवर बहुधा ११ मिमीची डोव्हटेल (तिरक्या कडांची) खाच असते, पिकाटिनीचे (रुंद, आडव्या खाचांच्या पट्टीचे) माउंट तिच्यावर बसत नाहीत. दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट घ्या, आणि त्याला खालून अडकणारी स्टॉप पिन हवीच. रायफलीवर पिनेचं भोक नसेल तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉपर लावा. नाहीतर माउंट दर गोळीला केसभर मागे सरकत राहतो आणि झिरो (ठरलेल्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी जुळवणं) रोज बदलतो.

बसवण्याआधी खाच आणि माउंट दोन्ही स्पिरिटने पुसून तेल काढा. मागच्या भिंगापासून डोळ्यापर्यंत ७५ ते १०० मिमी अंतर ठेवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग उघडा: सबंध गोल दिसला पाहिजे, कडेला काळी कोर नको. तारा उभ्या-आडव्या सरळ करायला गवंड्याचा ओळंबा वापरा. २० मीटरवर तो टांगा, रायफल पातळीत पक्की धरा आणि स्कोप रिंगांमध्ये फिरवून उभी तार दोरीवर आणा. रिंगांचे स्क्रू एकेक करून तिरक्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. २ न्यूटन-मीटरच्या वर जाऊ नका. जोर लावून आवळलेल्या रिंगेने स्कोपची नळी दबते आणि आतलं यंत्र अडकतं.

झिरो करायला सकाळची वेळ धरा. किनारपट्टीवर दुपारी दर्यावरचा वारा सुटला की हलका छर्रा २५ मीटरवरही बाजूला जातो, आणि तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते ती जास्त पटीच्या स्कोपात लक्ष्य नाचवते. स्प्रिंग रायफल थेट वाळूच्या पिशवीवर टेकवू नका. पिशवीवर आपला तळहात ठेवून त्यावर ती सैल पेला. आधी १० मीटरवर गोळी कागदावर आणा, मग २५ वर पाच गोळ्यांचा ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) काढा आणि त्याच्या मध्यावरून माप घ्या. एका गोळीवरून क्लिक (नेम सरकवणाऱ्या नॉबचे खटके) फिरवणारा दिवसभर फिरवतच बसतो.

हिशेब सोपा आहे. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर ७.३ मिमी सरकवतो, २५ वर १.८ आणि १० वर फक्त ०.७. समजा २५ मीटरवर ग्रुप २२ मिमी खाली आणि १५ मिमी उजवीकडे पडला. २२ भागिले १.८ म्हणजे १२ क्लिक वर, १५ भागिले १.८ म्हणजे ८ डावीकडे. नॉबवरचा बाण गोळी कुठे जाईल ते दाखवतो. वरचे क्लिक संपत आले आणि गोळी अजून खालीच पडत असेल तर नॉब शेवटाला ताणू नका. नळी दुमडून भरायच्या (ब्रेक-बॅरल) रायफलीत नळी बरेचदा किंचित खाली झुकलेली असते. त्यासाठी मागून उंच असलेला माउंट मिळतो.

स्कोप रायफलीच्या नळीच्या वर ४० मिमीवर असतो हे विसरू नका. छर्रा खालून चढत येऊन नजरेच्या रेषेला मिळतो. सेकंदाला २४० मीटर वेगाच्या छऱ्याला २५ मीटरवर झिरो केलं तर १० मीटरवर तो सुमारे ८ मिमी खाली लागेल. ही स्कोपची खोट नाही. १०, १५, २०, ३० मीटरवर प्रत्यक्ष मारून कुठे लागतो ते लिहून ठेवा. छऱ्याचं वजन किंवा डबी बदललीत की हा तक्ता नव्याने करावा लागतो.

मागे काय आहे ते बघून मगच मारा. आपल्याकडे कुंपणाची भिंत चिऱ्याची असते, आणि चिऱ्यावरून किंवा माडाच्या खोडावरून छर्रा उलटून थेट डोळ्यावर येतो. जाड पत्रा ४५ अंशात खाली झुकवून लावलेली पेटी वापरा, चष्मा घाला, आणि शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुवा. स्कोपमधून माणसं न्याहाळू नका: स्कोप वळला की नळीही वळते. दूरचं बघायला वेगळी दुर्बीण ठेवा.

पावसाळ्यात स्कोपचा खरा शत्रू बुरशी. फोम लावलेली पेटी आणि चामडी पिशवी ओल धरून ठेवतात; जून ते सप्टेंबर स्कोप त्यात ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, तिचा रंग बदलला की ती वाळवा. नायट्रोजन भरलेला स्कोप आतून धुरकटत नाही, पण एसीच्या खोलीतून बाहेर काढल्यावर भिंगाला बाहेरून दव धरतंच. ते पुसू नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. शर्टाच्या टोकाने पुसलंत तर खारी धूळ कोटिंगवर चरे पाडते. माउंटच्या स्क्रूंना तेलाचा हात द्या, पण भिंगापासून ते लांब ठेवा.

ग्रुप एकाएकी पसरला की स्कोपला दोष देण्याआधी क्रमाने बघा: स्टॉकचे स्क्रू, माउंटचे, रिंगांचे, मग छर्रा. सगळं घट्ट असेल तर २५ मीटरवर चौकोन काढा. नेम एकाच ठिपक्यावर ठेवून पाच गोळ्या मारा, मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर पाच-पाच. चौकोनाची बाजू साधारण ३६ मिमी यायला हवी आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावरच पडायला हवा. तसं झालं तर स्कोप ठीक आहे, दोष रायफलीत किंवा धरण्यात शोधा. न झाल्यास तो स्कोप बिलासह दुकानात द्या आणि चौकोनाचा तोच कागद सोबत जोडा.