भोपळा-ओट्सचे पॅनकेक: सगळा खेळ भोपळ्यातल्या पाण्याचा

घारगे जमतात म्हणजे भोपळ्याचे पॅनकेकही जमणार, अशा भरवशावर मी पहिल्यांदा हे करायला घेतलं आणि तव्यावर केशरी लापशी झाली. अर्धी उलथण्याला चिकटली, अर्धी तव्याला. घरच्यांनी ती वाटीत घालून चमच्याने खाल्ली आणि चव बरी आहे म्हणाले, हा त्यांचा मोठेपणा.

चूक कुठे झाली ते नंतर उमगलं. घारग्यात भोपळ्याला कितीही पाणी सुटू दे, त्यात मावेल तेवढी कणीक घालत जायचं, गोळा मळला जातोच. पॅनकेकला ही सोय नाही. पाणी जास्त झालं म्हणून पीठ वाढवलं की पॅनकेक जातो आणि गोड थालीपीठ उरतं. शिवाय आपण कृती बघतो ती बहुतेक वेळा अमेरिकेतली. तिकडे भोपळ्याचा शिजवलेला घट्ट गर डब्यात तयार मिळतो आणि ‘अर्धा कप भोपळा’ म्हणजे तो गर. आपण मंडईतून आणलेला भोपळा उकडून तेवढाच घातला, तर त्यासोबत बरंचसं पाणीही जातं. नळाला चार दिवसांआड पाणी येतं त्या गावात राहून मला पाण्याचा हिशेब चुकावा, याची घरात बरीच चेष्टा झाली.

दोन-तीन माणसांच्या नाश्त्याला हे प्रमाण पुरतं. तळहाताएवढे आठ-नऊ पॅनकेक होतात. कप म्हणजे २४० मिलिलिटरचा मापाचा कप, चहाचा नव्हे.

साधे ओट्स १ कप (साधारण ९० ग्रॅम)
ज्वारीचं पीठ पाव कप
आटवलेला भोपळ्याचा गर अर्धा कप
दूध अर्धा कप
अंडं १
किसलेला गूळ २ मोठे चमचे
तेल किंवा पातळ केलेलं तूप १ मोठा चमचा, शिवाय तव्याला लावायला थोडं
बेकिंग पावडर दीड छोटा चमचा
सुंठ पूड अर्धा छोटा चमचा, थोडं किसलेलं जायफळ, दोन चिमटी मीठ

ज्वारीचं पीठ मूळ कृतीत नसतं, ती माझी भर आहे. नुसत्या ओट्सचा पॅनकेक आतून जरा बुळबुळीत लागतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीचं पीठ सोलापुरात घरोघरी असतंच, त्यातलं थोडं घातलं की खाताना दाताला काहीतरी लागतं. पाव कपाच्या वर मात्र जाऊ नका, पॅनकेक कोरडे होतात आणि कडेने तडकतात.

भोपळा घेताना

लक्ष्मी मंडईत एकाच फाकेला लाल भोपळा, डांगर, कन्नड बोलणाऱ्याकडून कुंबळकाई आणि तेलुगू बोलणाऱ्याकडून गुम्मडिकाय अशी नावं ऐकू येतात. नाव कुठलंही घ्या, माल जून हवा. मी एकदा कोवळी फाक उचलली तर भाजीवाल्या मावशीच म्हणाल्या, “जून घ्या की ओ, कवळ्यात नुसतं पाणी असतंय.” सालीवर नख रुतत नाही, आतला गर गडद केशरी आहे आणि बिया टपोऱ्या भरलेल्या आहेत, तो भोपळा जून. फिकट पिवळ्या गराची फाक भाजीला चालेल, इथे नको. अर्धा किलोची फाक पुरते, थोडा गर उरतोही.

गर आटवणं

भोपळा पाण्यात बुडवून उकडू नका. बिया काढून साल तशीच ठेवा, मोठे तुकडे कुकरच्या डब्यात ठेवा आणि डब्यात थेंबभरही पाणी घालू नका. पाणी फक्त कुकरच्या तळाशी. दोन शिट्ट्या पुरे. डब्यात खाली जे पाणी साठेल ते ओतून घ्या (आमटीत चालतं), चमच्याने साल सोडवा आणि गर गरम असतानाच घोटून घ्या.

आता हाच गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतायचा. सुरुवातीला तो फदफद उडतो, हात जपा. पाच-सात मिनिटांनी आवाज बदलतो, वाफ कमी होते आणि चमचा ओढला की कढईचा तळ क्षणभर दिसून मग गर हळूच परत जुळतो. तिथे थांबा. अर्ध्या किलोतून आधी सुमारे कपभर निघालेला गर आता पाऊण कपावर आलेला असतो. रंग गडद होतो आणि गोडीही वाढते, त्यामुळे गूळ कमी लागतो.

काही जण आटवण्याऐवजी गर फडक्यात बांधून टांगतात. तेही चालतं, फक्त फडकं पातळ सुती घ्या, पंचा उत्तम. सोलापुरात राहतो म्हणून घरातला टॉवेल वापरण्याचा उद्योग मी केला आहे. टॉवेलचे धागे पुढे पॅनकेकमध्ये निघाले.

कढई खाली उतरवली की गरम गरातच गूळ विरघळवा. गुळाने गर पुन्हा थोडा सैल होतो, ते गृहीत धरलेलं आहे. गूळ गरम दुधात मात्र घालू नका, दूध फाटण्याची भीती असते. गूळ घालण्याआधी लागणारा अर्धा कप मोजून घ्या. उरलेला गर फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो, नाहीतर दही, मिरची आणि हिंग-मोहरीची फोडणी घालून भरीत करा. एप्रिल-मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, तो ओट्यावर राहू देऊ नका. दुपारपर्यंत आंबतो.

ओट्स दळणं आणि भिजवणं

पाकिटावर ‘रोल्ड’ किंवा ‘इन्स्टंट’ लिहिलेले साधे ओट्स घ्या. मसाला ओट्स नकोत. आमच्याकडे एकदा तेच पाकीट आलं होतं आणि कांदा-लसणाच्या वासाचे गोड पॅनकेक कोणी संपवले नाहीत. ‘स्टील कट’ नावाचे कण्यांसारखे ओट्स इतक्या कमी वेळात भिजत नाहीत, तेही टाळा. कोरड्या मिक्सरमध्ये दळून रव्यापेक्षा बारीक पूड करा. एकदम मैद्यासारखी झाली नाही तरी बिघडत नाही.

गव्हात जो चिकटपणा असतो, ज्यामुळे पोळी ताणली जाते, तो ओट्समध्ये नाही. ओट्सच्या पिठाला धरून ठेवतं ते त्यांतलं बीटा ग्लुकन, म्हणजे पाण्यात फुगून बुळबुळीत होणारा तंतू. त्याला फुगायला वेळ द्यावा लागतो. म्हणून गुळाचा गर थंड झाल्यावर त्यात अंडं, दूध आणि तेल फेटून घ्या, ओट्सची पूड, ज्वारीचं पीठ, मीठ, सुंठ आणि जायफळ घाला, ढवळा आणि १० मिनिटं झाकून ठेवा. बेकिंग पावडर आत्ता नाही. ती ओली झाली की लगेच कामाला लागते, आणि पीठ मुरेपर्यंत तिचा बराच जोर वाया जातो.

१० मिनिटांनी झाकण काढलं की पीठ चांगलंच घट्ट झालेलं दिसेल. इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल आणि डोशाच्या पिठापेक्षा घट्ट, असं ते हवं. पळीतून ओतलं तर धार न लागता गोळ्या-गोळ्याने पडावं आणि पडल्यावर सावकाश पसरावं. फारच घट्ट असेल तर दूध एकेक चमचा वाढवा. मग बेकिंग पावडर भुरभुरवून हलक्या हाताने ढवळा आणि लगेच तव्याकडे वळा. पावडर घातलेलं पीठ दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्यात अर्थ नाही.

बेकिंग पावडरचा डबा किती जुना आहे ते आठवत नसेल, तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. खळखळून फेस आला तर चांगली. नुसतीच तळाशी बसली तर नवी आणा, नाहीतर पॅनकेक चपटेच राहतील.

सोमवार, श्रावण आणि अंडं

ज्या दिवशी घरात अंडं चालत नाही, त्या दिवशी जवस कामाला येतं. चटणीसाठी आणलेल्या, पण न भाजलेल्या जवसाची एक मोठा चमचा पूड तीन मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवा, अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी चिकट होते. अर्ध्या कप दुधाऐवजी पाव कप दही आणि पाव कप दूध घ्या. बेकिंग पावडर एक छोटा चमचा, आणि तिच्यासोबत पाव छोटा चमचा खायचा सोडा, कारण सोड्याला दह्याची आंबट साथ मिळते. सोडा अंदाजाने टाकू नका, जास्त झाला की साबणासारखी चव येते. हे पॅनकेक अंड्याच्या पॅनकेकपेक्षा जरा नाजूक असतात, तेव्हा लहान घाला.

तव्यावर

भाकरीचा तवा घेऊ नका. तो कोरडा, कडक तापवायची सवय असलेला आणि तेलाला न मुरलेला असतो, पॅनकेक हमखास चिकटतो. शिवाय भाकरीच्या तव्याला तेल लावल्यावर आई काय बोलते ते मी ऐकलेलं आहे. धिरडी-डोशाचा मुरलेला बिडाचा तवा किंवा नॉनस्टिक घ्या.

तवा मध्यम आचेवर तापवा. पाण्याचे थेंब शिंपडल्यावर ते नाचत नाहीसे झाले की आच मंद करा. कांद्याच्या फोडीने किंवा कापडाच्या बोळ्याने तेलाचा नुसता हात फिरवा, थारोळं नको. (गोड पॅनकेकला कांद्याचा वास चालत नसेल तर बटाट्याची फोड घ्या.) दोन मोठे चमचे पीठ एका जागी ओता आणि हात मागे घ्या. पळीने गोल फिरवायचा मोह आपल्याला डोशामुळे होतो, पण फिरवलं की आत धरलेली हवा जाते. पीठ स्वतःहून जेवढं पसरेल तेवढंच.

गूळ आणि भोपळा दोन्ही लवकर करपतात, आतला ओलावा मात्र सावकाश जातो. त्यामुळे मोठी आच म्हणजे वरून काळं आणि आत कच्चं. मंद आचेवर अडीच-तीन मिनिटं द्या, त्यातलं शेवटचं मिनिट झाकण ठेवा. मैद्याच्या पॅनकेकवर भराभर बुडबुडे येतात तसे इथे येत नाहीत, चार-दोन भोकं दिसतात. लक्ष कडेकडे ठेवा. कडेची चकाकी गेली, ती सुकलेली दिसली आणि उलथणं खालून सहज सरकलं की उलटा. दुसरी बाजू दीड-दोन मिनिटांत होते. उलटल्यावर उलथण्याने दाबायचं नाही, ही थालीपिठाची सवय इथे सोडावी लागते.

पहिला पॅनकेक बहुधा बिघडतो. तो तव्याच्या तापमानाचा अंदाज घेण्यासाठी असतो, करणाऱ्याने उभ्या उभ्या खाऊन टाकावा. बिडाचा तवा तापत राहतो, म्हणून दर दोन घाण्यांनंतर अर्धं मिनिट आच बंद करा.

तव्यावरून काढल्याबरोबर मोडून बघितलं तर आत ओलं वाटेल. दोन मिनिटं थांबा, ओट्स निवताना आवळतात. तरीही कच्चा लागला तर आच मोठी होती किंवा गर पुरता आटला नव्हता. उलटताना तुटत असेल तर एकतर घाई झाली किंवा पॅनकेक फार मोठा घातला.

सोबत काय

मेपल सिरप शोधत हिंडू नका, काकवी आणि घरचं लोणी त्यापेक्षा सरस लागतं. गूळ आहे म्हणून मधुमेह असलेल्यांना मोकळीक मिळत नाही, त्यांच्यासाठी गूळ वगळून पुढचा प्रकार करा.

मला खरं तर हा पुढचाच प्रकार जास्त आवडतो. गूळ, सुंठ आणि जायफळ काढून टाका. त्याऐवजी बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरे आणि मीठ अर्धा छोटा चमचा. गूळ नसल्याने पीठ जरा घट्ट होतं, दूध एक-दोन चमचे वाढवा. भोपळ्याची गोडी आत असतेच. वर घट्ट दही आणि दह्यावर उखळात कुटलेली, तेल सुटलेली सोलापुरी शेंगा चटणी. मिक्सरमधली भुगा चटणी इथे घशाला कोरडी लागते.

डब्यात द्यायचे असतील तर गरम पॅनकेक एकावर एक रचू नका, वाफेने खालचे ओले होतात. पोळ्यांच्या जाळीवर पूर्ण निवू द्या, मग भरा. फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात दोन दिवस राहतात. खाताना कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर शेका, कड पुन्हा कुरकुरीत होते.