कलेजीच्या कॅप्सूल घेण्याआधी हा हिशोब मांडा

वाळवलेल्या कलेजीची, गुर्द्याची, तिल्लीची पावडर भरलेल्या कॅप्सूल आता ऑनलाइन सर्रास मिळतात. बहुतेक माल अमेरिका, न्यूझीलंड, अर्जेंटिना इथल्या गाई-बैलांचा असतो. अशी बाटली हातात आली की जाहिरात बाजूला ठेवा आणि आधी एकच गोष्ट शोधा: रोजच्या मात्रेत पावडर किती मिलिग्रॅम?

साधारणपणे ६ कॅप्सूलमध्ये मिळून ३,००० मिलिग्रॅम, म्हणजे ३ ग्रॅम पावडर असते. कलेजीत सुमारे ७० टक्के पाणी असल्यामुळे वाळल्यावर तिचं वजन तिसऱ्या ते चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणून जास्तीत जास्त धरून ३ ला ४ ने गुणा. उत्तर येतं १२ ग्रॅम ताजी कलेजी, म्हणजे जेमतेम एक लहान फोड. बैलाच्या १२ ग्रॅम कच्च्या कलेजीत अंदाजे ७ मायक्रोग्रॅम बी-१२, ६०० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व, सव्वा मिलिग्रॅम तांबं आणि जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम लोह असतं.

बी-१२ ची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, तेव्हा ती सहज भागते. लोहाचं मात्र तसं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. मांसातलं लोह अंगी चांगलं लागतं हे खरं, पण अर्ध्या मिलिग्रॅमने पंडुरोग (अॅनिमिया) हटत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर कॅप्सूलच्या भरवशावर महिने घालवू नका. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी या अमेरिकी डॉक्टरांनी कलेजी खायला घालून जीवघेण्या पंडुरोगाचे रुग्ण बरे केले, त्याचा दाखला विक्रेते हमखास देतात. ते रुग्ण रोज शंभर-दोनशे ग्रॅम कलेजी खात होते.

खरा धोका अ जीवनसत्त्वाचा. रेटिनॉल, म्हणजे प्राण्यांपासून मिळणाऱ्या तयार अ जीवनसत्त्वाच्या स्वरूपात, प्रौढांसाठी वरची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० आययू (इंटरनॅशनल युनिट). नुसत्या कॅप्सूलने ती ओलांडत नाही, सगळं एकत्र आलं की ओलांडते: कॅप्सूलचे ६००, एक चमचा कॉड लिव्हर ऑइलचे सुमारे १,३५०, मल्टिव्हिटॅमिनमधलं जे असेल ते, आणि त्याच दिवशी ताटात कलेजी. घरातल्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडून बेरीज करा. लेबलवर आययूमध्ये आकडा असेल तर ३.३३ ने भागा. गाजर-पालकातलं बीटा-कॅरोटीन यात धरू नका. बेरीज दीर्घकाळ जास्त राहिली की डोकेदुखी, फुटलेले ओठ, केस गळणं, हाडं दुखणं सुरू होतं आणि यकृतालाही इजा होते.

गरोदर असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर कलेजीच्या कॅप्सूल नकोतच. जास्त रेटिनॉलमुळे गर्भात व्यंग येऊ शकतं. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, हिमोक्रोमॅटोसिस (अंगात लोह साठणं) किंवा विल्सनचा आजार (तांबं साठणं) असेल, तरीही नकोत. गाउट असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण अशा अवयवांत प्युरीन भरपूर असतं.

‘गुर्दा खा, गुर्दा सुधारेल’ हा दावा सोडून द्या. पोटात गेलेल्या प्रथिनांचे तुकडे होतात, ती नेमकी आपल्या गुर्द्याकडे जात नाहीत. थायरॉइड आणि अ‍ॅड्रिनल (मूत्रपिंडावरची) या जनावरांच्या ग्रंथींपासून बनवलेल्या गोळ्यांची गोष्ट याच्या उलट आहे, आणि म्हणूनच त्या अधिक घातक. थायरॉइडची संप्रेरकं पचनात टिकतात आणि रक्तात पोहोचतात. अ‍ॅड्रिनलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या १२ उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा सगळ्यांत थायरॉइडचं टी-३ हे संप्रेरक सापडलं, काहींत स्टेरॉइडही. छाती धडधडणं, हात थरथरणं, झोप उडणं अशी लक्षणं दिसली तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. अ‍ॅड्रिनलच्या गोळ्या काही आठवडे घेतल्या असतील तर आपली स्वतःची ती ग्रंथी मंदावलेली असू शकते. त्या एकदम न थांबवता आधी डॉक्टरांना दाखवा.

विकत घ्यायचीच तर विक्रेत्याकडून त्याच लॉटचा तपासणी अहवाल मागा: शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, साल्मोनेला. कॅडमियम गुर्द्यात साठतं. थंडीत गोठवून वाळवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, बरेच सुप्त राहतात. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून प्रत्येक अवयवाचं वजन लपवलेलं असेल तर बाटली परत ठेवा. मेंदू किंवा मज्जारज्जू असलेली उत्पादनं घेऊच नका. मॅड काउ रोगाचे प्रायॉन वाळवून किंवा शिजवून नष्ट होत नाहीत.

गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी ‘बोवाइन’ (गाई-बैलांचं) हा शब्द बघावा, आणि कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचं) आहे का तेही. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरण) १४ आकडी क्रमांक आणि मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण हवा.

सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून आकडे लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. आकडे हलले नसतील तर पैसे वाया जात आहेत. मांसाहार चालत असेल तर खाटकाकडून आठवड्यातून एकदा ५०-७५ ग्रॅम बकऱ्याची ताजी कलेजी आणा, आतला गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवा. सहा कॅप्सूलच्या चार ते सहा दिवसांच्या मात्रेइतकी कलेजी त्यात येते, तीही कितीतरी स्वस्तात. गरोदरपणात मात्र तीही नको.