कंपाउंड धनुष्याच्या पिना लावताना या चुका टाळा: ॲलन की हातात घेण्याआधी एक भागाकार करा

इंदूरजवळ सिमरोल रस्त्याला आमच्या ओळखीच्यांचं शेत आहे. मागे मातीचा उंच बांध, त्यापुढे बट्रेस, म्हणजे बाण अडवणारी जाड गादी, म्हणून रविवारी सकाळी आम्ही तिथे सरावाला जातो. भाची कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, मारते. एरवी आठवडाभर ती इंदूरमधल्याच एका मैदानावर सराव करायची. लागोपाठ तीन रविवार तिचं एकच चाललं होतं: शेतावर आली की धनुष्याच्या साइटमधली 50 मीटरची पिन (त्या अंतराला नेम धरायचा बारीक ठिपका) वर करायची, मैदानावर गेली की खाली करायची.

चौथ्या रविवारी ती वैतागली. "मामा, पिन परत वर घेऊ का? सगळे बाण वर चाललेत."

"थांब. 20 वर किती चुकतंय ते आधी सांग."

"20 वर तर काहीच नाही. फार तर दोन सेंटिमीटर वर."

"आणि 50 वर?"

तिनं टेप लावून मोजलं. पंधरा सेंटिमीटर.

चूक तिची नव्हती, माझी होती. शेतावरच्या अंतराच्या खुंट्या मी रेंजफाइंडरनं (अंतर मोजायच्या यंत्रानं) मोजून ठोकल्या होत्या आणि तो यार्डावर लावलेला होता. मैदानावरचं माप मीटरचं. 20 यार्ड म्हणजे 18.3 मीटर, 50 यार्ड म्हणजे 45.7 मीटर. जवळच्या अंतरावर हा फरक हाताच्या थरथरीत झाकला जातो. 50 वर मात्र 80 सेंटिमीटरच्या टार्गेटवर तो दहाच्या जागी सात देतो, कारण त्यातलं प्रत्येक वर्तुळ चार सेंटिमीटर रुंद असतं. पोरगी तीन आठवडे स्वतःच्या रिलीजला, म्हणजे बाण सोडण्याला, दोष देत होती, याचं मला फार वाईट वाटलं.

बर्लिनला ऑगस्ट 2023 मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले. ओजसनं अंतिम सामन्यात 150 पैकी 150 घेतले. लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही असणार आहे. घरात कंपाउंड धनुष्य आणणाऱ्यांनी साइट लावण्याकडे नीट लक्ष द्यावं, म्हणून हे लिहितोय. मोठ्या स्पर्धेत 50 मीटर हे एकच अंतर असतं आणि तिथे बहुतेक जण लेन्सची, एकाच बिंदूची साइट वापरतात. पण शिकताना, आणि वेगवेगळ्या अंतरांवर मारताना, तीन ते पाच पिनांची साइट सोयीची पडते. गडबड होते तीही तिथेच.

सगळ्यात मोठी चूक: बाण चुकला की सरळ पिनेला हात

पिन आपोआप क्वचितच बिघडते. बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी हललेलं असतं आणि ते पिनेवर दिसतं. म्हणून मी कुणालाही आधी दोन आकडे विचारतो: 20 मीटरवर किती सेंटिमीटर चुकतंय आणि 50 वर किती. मग दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं.

उत्तर अडीचच्या आसपास आलं, तर धनुष्यावर काहीतरी सरकलंय. पीप (दोरीत बसवलेली, डोळ्यासमोर येणारी भोकाची छोटी कडी) दोऱ्यात वर-खाली झालाय, डी-लूप (दोरीवरचा, जिथे धरून ओढायचं तो फास) सरकलाय, किंवा साइटची अख्खी चौकट ढिली झालीय. अशा वेळी बाण सुटण्याचा कोन बदलतो, आणि कोनातली चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. 50 हे 20 च्या अडीचपट, म्हणून चूकही अडीचपट. पीप एक मिलिमीटर वर सरकला तर बाण 20 मीटरवर साधारण अडीच सेंटिमीटर वर जातो आणि 50 वर सहा.

उत्तर सहा किंवा त्याहून जास्त आलं, तर वेग, अंतर किंवा तिरपेपणा यांपैकी एकात घोळ आहे. बाण किती खाली पडतो हे तो किती वेळ हवेत आहे त्याच्या वर्गावर ठरतं, आणि अडीचचा वर्ग सव्वासहा. लिंबचे (धनुष्याच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या पात्यांचे) बोल्ट कुणी एकेक फेरा ढिले केले की ताण साधारण दोन-तीन पौंडांनी उतरतो. सेकंदाला 80 मीटर जाणारा बाण 78 वर आला, तर 20 वर चूक जेमतेम दीड सेंटिमीटर, 50 वर मात्र दहा. जड टोकाचे बाण हलक्यांत मिसळले तरी असंच दिसतं. मीटर-यार्डाचा घोळ याच गटात येतो. त्यात भागाकार सात-आठवरही जातो.

हे एकदा अंगवळणी पडलं की अर्धी दुरुस्ती कागदावरच होते. भागाकार अडीच आला आणि तुम्ही फक्त 50 ची पिन हलवली, तर तेवढ्यापुरता बाण मध्ये येतो, पण 30 आणि 40 चुकीच्याच राहतात. पुढच्या आठवड्यात पीप पुन्हा सरकला की सगळं मुळापासून करावं लागतं.

दिशा उलटी धरणं

नवीन माणूस बाण खाली लागला की पिन वर करतो. नियम याच्या उलट आहे: पिन बाणाच्या मागे न्यायची. बाण खाली तर पिन खाली, बाण डावीकडे तर साइट डावीकडे. पिन खाली घेतली की तीच पिन मध्यावर आणायला हात वर उचलावा लागतो, म्हणून बाण वर जातो. याच कारणानं सगळ्यात वरची पिन सगळ्यात जवळच्या अंतराची असते आणि सगळ्यात खालची लांबची. डोळा ते पिन 85 सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर पिन एक मिलिमीटर हलवल्यावर 20 मीटरवर बाण सव्वादोन-अडीच सेंटिमीटर सरकतो आणि 50 वर जवळजवळ सहा. हा हिशेब डोक्यात असला की स्क्रू अंदाजानं फिरवावा लागत नाही.

क्रम चुकणं

आधी पीप, मग पिना. डोळे मिटून धनुष्य पूर्ण ताणा, हात गालावर नेहमीच्या जागी टेकवा आणि मग डोळे उघडा. पीपमधून साइटची गोल चौकट मान न हलवता दिसली पाहिजे. पीपचं वर्तुळ आणि चौकटीचं वर्तुळ एकात एक बसवा. पीपच्या मधोमध चौकट असावी, पिन नव्हे. प्रत्येक पिन पीपच्या मध्ये आणायला गेलात की दर अंतराला डोकं वेगळ्या जागी टेकतं. पीप जमला की त्याला वर-खाली दोरा गुंडाळून बांधा. नुसता दोऱ्यांत अडकवून सोडू नका.

मग 20 ची पिन. ती लावताना पिन एकटी हलवू नका, साइटची अख्खी चौकट वर-खाली करा. एकदा ती लागली की चौकट पक्की करायची, आणि 30, 40, 50 साठी फक्त त्या त्या पिनेचा स्क्रू सोडायचा. डावं-उजवं मात्र पिनापिनांनी कधीच करू नका. त्यासाठी सगळी साइट एकदाच हलवा, आणि तेही लांबच्या अंतरावर, जिथे चूक मोठी दिसते.

पहिला बाण 50 वरून मारू नका. त्या शेताच्या एका कडेला पावसाळ्यात सोयाबीन असतं, आणि त्यात गेलेला कार्बनचा बाण शोधणं काय असतं ते मला माहीत आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, न लागलेली पिन घेऊन लांबवर मारलेला बाण बट्रेसवरून जाऊ शकतो. बांधापलीकडे माणूस, गुरं, पायवाट काहीही असू शकतं. सहा-सात मीटरपासून सुरुवात करा. हे अंतर मी उगाच सांगत नाही. डोळा बाणापेक्षा दहा-एक सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे बाण आधी नजरेच्या रेषेला खालून छेदतो आणि मग 20 वर पुन्हा वरून छेदतो. सेकंदाला 80 मीटरच्या धनुष्यात पहिला छेद साधारण साडेसहा मीटरवर येतो, म्हणून तिथे लावलेली पहिली पिन 20 मीटरच्या बरीच जवळ बसते. 3 मीटरवरून लावायला गेलात तर बाण चार-पाच सेंटिमीटर खाली दिसेल, आणि तो सुधारण्याच्या नादात 20 ची पिन बिघडेल.

एकेका बाणावर निर्णय घेणं

तीन किंवा पाच बाण मारा, त्यांचा मध्य पाहा आणि मग स्क्रू फिरवायची ॲलन की उचला. हात सुटलेला एखादा बाण बाजूला ठेवा. साठ बाण मारून झाल्यावर, खांदा दमलेला असताना, पिन लावायला बसू नका. त्या वेळी तुम्ही दमणुकीसाठी पिन लावत असता. नवी दोरी घातली असेल तर पहिले शे-दोनशे बाण ती बसण्यासाठी द्या.

पिनांमधलं अंतर न पाहणं

हे मात्र शांतपणे बसून करायचं काम. सगळ्या पिना लागल्या की साइट उजेडात धरा आणि बाजूनं त्यांच्यामधल्या फटी पाहा. खाली जाताना फट किंचित वाढत गेली पाहिजे. वर सांगितलेल्या वेगाच्या धनुष्यात 20 ते 30 मध्ये साधारण पाच मिलिमीटर, 30 ते 40 मध्ये सहा, 40 ते 50 मध्ये साडेसहाच्या आसपास. फट मध्येच कमी झाली, म्हणजे 30-40 ची फट 20-30 पेक्षा लहान निघाली, तर ती पिन चुकीची आहे. त्या दिवशी तुम्हाला तिथे कितीही दहा लागले असोत, अंतर पुन्हा मोजा आणि पुन्हा मारा.

लहान मुलांच्या हलक्या धनुष्यात बाण सेकंदाला 60 मीटरच जात असेल, तर हीच पहिली फट सेंटिमीटरभर होते. मग पाच पिना चौकटीत मावत नाहीत. पोरांनी आणि पालकांनी त्यासाठी ताण वाढवू नये. तीन पिना ठेवाव्यात आणि 40 पर्यंतच मारावं.

धनुष्य तिरपं धरणं

साइटच्या चौकटीत खाली एक बारीक पाणसळ असते, गवंड्याच्या पाणसळीसारखीच, आत बुडबुडा. नवी मुलं ती फक्त धनुष्य ताणण्याआधी पाहतात आणि मग विसरतात. धनुष्य दोन अंश उजवीकडे कललं तर 20 मीटरवर बाण एक सेंटिमीटर उजवीकडे जातो; दिसतही नाही. 50 वर तोच साडेसहा सेंटिमीटर जातो. इथेही भागाकार सहाच येतो, फक्त आडवा. मग मुलगा साइट उजवीकडे सरकवतो आणि जवळचं बिघडवतो.

पण पाणसळच वाकडी बसवलेली असली तर? त्यासाठी मी एका मिस्त्रीकडून ओळंबा मागून आणला. इथले मिस्त्री त्याला साहुल म्हणतात. बट्रेसवर वरून ओळंबा सोडायचा, धनुष्याची दोरी आणि ओळंब्याची दोरी एका रेषेत आणायची आणि बुडबुडा कुठे आहे ते पाहायचं. मध्ये नसेल तर साइटचा कोन बदलायचा, धनुष्य नव्हे. मग त्याच ओळंब्यावर 20 च्या पिनेनं 20, 25, 30 मीटरवरून एकेक बाण मारा. ते दोरीला धरून सरळ खाली उतरत गेले पाहिजेत. खाली जाताना डावीकडे तिरके गेले, तर दोष साइटचा नाही, बाण ज्यावर टेकतो त्या रेस्टचा आहे. तो केसभर उजवीकडे घ्या. भाचीच्या धनुष्यात आम्ही अर्धा मिलिमीटर हलवला आणि ओळ सरळ झाली.

ऊन, वारा आणि काळी माती

संध्याकाळी एका बाजूनं ऊन पडलं की फायबरची पिन त्या बाजूला फुगल्यासारखी दिसते आणि बाण सरकतो. स्पर्धेचं मैदान उत्तरेकडे तोंड करून आखतात ते सूर्य डोळ्यांत येऊ नये म्हणूनच. शक्य असेल तर घरच्या सरावाची जागाही तशीच आखा, आणि पिना सकाळी लावा. मे महिन्यात माळव्यात दुपारनंतर वारा सुटतो; त्यात डावं-उजवं कधीही लावू नका.

इंदूरभोवतीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. आमच्या खुंट्या दरवर्षी कलतात, बट्रेसचा स्टँडही. म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा मी सगळी अंतरं टेपनं पुन्हा मोजतो. पावलांनी मोजलेल्या 50 मध्ये दोन मीटरची चूक सहज होते, आणि ती बाणाला सात सेंटिमीटर पडते.

खूण न करणं

खंडेनवमीला आमच्याकडे धनुष्याची पूजा होते. एका वर्षी आईनं मनापासून ते ओल्या फडक्यानं पुसलं, झेंडूची माळ घातली, आणि साइटचा ढिला राहिलेला एक स्क्रू त्यात फिरला. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मी मारायला गेलो तर 40 चे सगळे बाण खाली. पिन कुठे होती हे सांगायला काहीच नव्हतं. आता प्रत्येक पिनेच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका असतो, स्क्रूच्या डोक्यावरून चौकटीपर्यंत ओढलेली बारीक रेघ असते आणि फोनमध्ये साइटचा जवळून काढलेला फोटो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय.

भाचीच्या धनुष्याच्या पेटीत झाकणाच्या आतून एक पुठ्ठा चिकटवलाय. त्यावर तिनं स्वतःच्या अक्षरात तारीख, लिंबच्या बोल्टचे फेरे, बाणाच्या टोकाचं वजन, पीपची दोरीवरची उंची आणि चारही पिनांच्या फटी मिलिमीटरमध्ये लिहिल्यात. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: मीटर.