डे-केअर ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी यायचंय? मग हे आधी वाचा

सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी म्हटलं की लोकांना वाटतं बेड रिकामा करायची घाई असणार, पण ही पद्धत जुनीच आहे, ग्लासगोच्या जेम्स निकोल या सर्जननी १९०९ मध्येच लहान मुलांच्या अशा जवळपास ९ हजार ऑपरेशन्सबद्दल लिहून ठेवलंय. आज मोतीबिंदू, हर्निया, दुर्बिणीतून पित्ताशय काढणं, सगळं असं होतं आणि पेशंट नीट तपासून निवडला असेल तर जिवाला धोका खूपच कमी. काहींना रात्री थांबवावं लागतं, ते बहुतेक उलट्या, दुखणं, रक्तस्राव किंवा लघवी न होणं यामुळे. खरा मुद्दा वेगळाच आहे, पहिल्या रात्रीची नर्स म्हणजे तुमच्या घरचं माणूस, त्यामुळे निम्मी तयारी त्याची करायची.

भूलतज्ज्ञाला सगळं सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरची औषधं, वजन कमी करायची इंजेक्शनं, झोपेत घोरताना श्वास अडकतो का, सगळं. कुठली गोळी कधी बंद करायची ते तेच ठरवतील, आपण आपल्या मनाने करू नका. साधारणपणे जेवण ६ तास आधी बंद आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण दूध म्हणजे पाणी नव्हे हं, चहात घातलेलं असलं तरी!

ऑपरेशनची बाजू डावी की उजवी, तिथे पेनाने खूण केलीय ना, ते भूल द्यायच्या आधी स्वतः बघा. तेच तेच प्रश्न चारदा विचारले तर वैतागू नका, चुकीची बाजू कापली जाऊ नये म्हणूनच विचारतात.

सोडताना बीपी-नाडी, चालता येतंय का, मळमळ, दुखणं आणि रक्तस्राव बघतात. चक्कर येत असेल तर सरळ सांगा, उगाच हिरोगिरी नको. हाताला ब्लॉक (म्हणजे नसेजवळ इंजेक्शन देऊन फक्त तो हात बधिर करणं) दिला असेल तर हात कित्येक तास बधिर राहतो आणि बधिरपणा उतरला की एकदम ठणका लागतो, म्हणून वेदनेची गोळी बधिरपणा जायच्या आधीच घ्या. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखला तर लोक हार्ट अटॅक समजून घाबरतात, बऱ्याचदा तो ऑपरेशनसाठी पोटात भरलेल्या गॅसचा परिणाम असतो आणि एक-दोन दिवसांत जातो (पण सोबत छातीत दाब, घाम किंवा धाप असेल तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा).

पूर्ण भूल किंवा गुंगी दिली असेल तर २४ तास गाडी चालवणं, दारू, सह्या-बिह्या सगळं बंद, आणि एक मोठं माणूस सोबत हवंच. त्या माणसाच्या मोबाईलमध्ये हॉस्पिटलचा रात्री उचलला जाणारा नंबर सेव्ह करून द्या, रिसेप्शनचा नको, तो संध्याकाळनंतर कोण उचलतंय! ड्रेसिंग रक्ताने भिजलं, ६ ते ८ तास लघवीच नाही, ताप ३८ डिग्री सेल्सिअसच्या (म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या) वर, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, यातलं काहीही झालं की लगेच तो नंबर लावायचा. पोटरी एकाच पायाची सुजून दुखायला लागली तर ऑपरेशनला आठवडा झाला असला तरी दाखवायचं.