समाजवादी हंगेरीची कामगार पदके: संग्रह कसा सुरू करावा

हंगेरीच्या समाजवादी राजवटीने कामगारांना इतके बिल्ले आणि पदके वाटली की आज ती जमवताना खरी अडचण टंचाईची नसून भाऊगर्दीची असते. 'किवालो दोल्गोझो', म्हणजे उत्कृष्ट कामगार, हा एकच किताब घ्या. वेगवेगळ्या मंत्रालयांनी आणि उद्योगांनी तो अनेक वर्षे दिला आणि प्रत्येकाच्या बिल्ल्यात काही ना काही फरक राहिला. नवा संग्राहक बहुधा सगळेच थोडेथोडे घेतो आणि वर्षभराने त्याच्याकडे एक डबा भरतो, संग्रह मात्र होत नाही. म्हणून पहिली पायरी खरेदीची नाही, कुंपण घालण्याची आहे.

१. एकच किताब किंवा एकच उद्योग निवडा

ढोबळमानाने तीन थर आहेत. सर्वात वर राज्याचे सन्मान: 'समाजवादी श्रमवीर', 'श्रमाचा लाल ध्वज' आणि 'मुंका एर्देमरेंद' हा श्रम-सन्मान. हे महाग असतात, आणि नवख्याने इथून सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मधला थर मंत्रालयांच्या किताबांचा: उत्कृष्ट कामगार, उत्कृष्ट संशोधक-सुधारक (किवालो उयितो), उत्कृष्ट रेल्वे कामगार. तळाशी कारखान्यांचे बिल्ले. त्यांत सलग सेवेचे 'त्योर्झगार्दा' बिल्ले येतात, ज्यांवर बहुधा वर्षांचा आकडा असतो. समाजवादी ब्रिगेड, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या कामगारांचे गट, यांचे ब्राँझ, रौप्य आणि सुवर्ण बिल्लेही याच थरातले.

मजा मधल्या आणि खालच्या थरात आहे. किंमत कमी, प्रकार भरपूर आणि मागचा इतिहास जमिनीवरचा. ब्रिगेडची चळवळ 1950 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. 'समाजवादी पद्धतीने काम करा, शिका, जगा' हे तिचे घोषवाक्य. ब्रिगेड आपली रोजनिशी ठेवत. त्यात उत्पादनाच्या नोंदींसोबत नाटकाला गेल्याच्या, श्रमदानाच्या आणि सहलींच्या नोंदी, फोटो आणि तिकिटे चिकटवलेली असत. अशी रोजनिशी बिल्ल्यासोबत मिळाली तर घासाघीस फार ताणू नका.

२. राजचिन्ह वाचायला शिका

बिल्ल्यावर सहसा साल नसते. काळ ठरवण्याची पहिली खूण म्हणजे त्यावरचे राजचिन्ह. तीन चिन्हे डोळ्यांत बसवून घ्यावी लागतात.

1946 ते 1949 या प्रजासत्ताकाच्या काळात कोशुथ चिन्ह (1848-49 च्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता कोशुथ याच्या नावाचे) होते: ढालीच्या एका अर्ध्यात आडवे पट्टे, दुसऱ्यात टेकड्यांवर उभा दुहेरी क्रूस, आणि वर मुकुट नाही. 1949 मध्ये लोक-प्रजासत्ताक झाल्यावर राकोशी काळाचे (राकोशी हे तेव्हाचे कम्युनिस्ट नेते) चिन्ह आले. त्यात गव्हाच्या लोंब्यांच्या वेढ्यात हातोडा आणि लोंबी एकमेकांवर तिरपे ठेवलेले, आणि वर लाल तारा. 1956 च्या राजवटीविरुद्धच्या उठावात लोकांनी झेंड्यांच्या मधोमध कापून काढले ते हेच चिन्ह. 1957 पासून कादार काळाचे (कादार हे उठावानंतर सत्तेवर आलेले नेते) चिन्ह सुरू झाले: लाल-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची लहान ढाल, भोवती गहू, वर तारा. ते राजवट संपेपर्यंत टिकले.

शेवटच्या दोन्हींत गहू आणि तारा असल्यामुळे धूसर फोटोत गल्लत होते. कडेकडे पाहू नका, मध्यभागी पाहा. हातोडा असेल तर 1949 ते 1956, ढाल असेल तर 1957 नंतरचे. कोशुथ चिन्ह 1956 च्या उठावात आणि त्यानंतर काही महिने पुन्हा वापरात आले होते, म्हणून त्या चिन्हाचा कागद हाती आला तर तारीख वाचल्याशिवाय '1940 च्या दशकातला' असा शिक्का मारू नये.

सगळ्याच बिल्ल्यांवर राजचिन्ह नसते. दातेरी चाक, धुराडे किंवा नुसता तारा असलेले बिल्ले पुष्कळ. तिथे पुढची पायरी कामाला येते.

३. नावावरून काळ ठरवा

समाजवादी हंगेरीत शहरांची, कारखान्यांची आणि मंत्रालयांची नावे राजकारणाबरोबर बदलत गेली. संग्राहकाला हे वरदानच आहे. 'स्तालिनवारोश' हे नाव असेल तर बिल्ला 1951 ते 1961 मधला, कारण पुढे त्याच पोलाद-शहराचे नाव दुनाउय्वारोश झाले. 'लेनिनवारोश' हे शहराचे नाव 1970 ते 1991 मधले. बुडापेस्टमधल्या चेपेल बेटावरचा प्रचंड कारखाना 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात 'राकोशी माचाश' यांच्या नावाने चालत होता. ते नाव कोरलेला बिल्ला 1956 नंतरचा असण्याची शक्यता जवळजवळ नाही. गान्झ आणि मावाग हे दोन कारखाने 1959 मध्ये एक झाले, त्यामुळे जोडनाव दिसले की त्याच्या आधी जायचे कारण नाही.

मंत्रालयांचेही तसेच. धातू व यंत्रोद्योग, अवजड उद्योग आणि हलके उद्योग ही तीन मंत्रालये 1981 मध्ये एका उद्योग मंत्रालयात विलीन झाली. उत्कृष्ट कामगार बिल्ल्यावर यांपैकी जुन्या मंत्रालयाचे नाव असेल तर तो त्याआधीचा.

किताबांनाही वय असते. 'एलमुंकाश' म्हणजे आघाडीचा कामगार. हा किताब 1940 च्या दशकाच्या अखेरीचा. बुडापेस्टमधल्या एका चौकाला त्याचे नाव होते, तो आता लेहेल चौक म्हणून ओळखला जातो. मागोमाग 'स्ताखानोविश्ता' आला, सोव्हिएत खाणकामगार स्ताखानोवच्या नावावरून. उय्पेश्तच्या दिव्यांच्या कारखान्यातले इग्नात्स पियोकेर आणि चेपेलचे इम्रे मुस्का हे त्या काळचे गाजलेले कामगार. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आणि ठरवून दिलेल्या कामाच्या किती टक्के काम केले ते छापून येत. हा किताब राकोशी काळाचा आहे, म्हणून कादार काळाच्या ढालीसह 'स्ताखानोविश्ता' कुणी विकायला काढला तर हात आखडता घ्या.

४. मागची बाजू मागा

समोरचा फोटो विकायला असतो, मागचा ओळखायला. मागे स्क्रू आहे की पिन, पिनची बिजागरी मूळची आहे की नव्याने डाग देऊन बसवलेली, टांकसाळीचा किंवा कारागिराचा शिक्का आहे का, हे सगळे तिथे दिसते. विक्रेता मागचा फोटो देत नसेल तर पुढे जा.

मग दहापट भिंग घ्या. भट्टीतला मीना काचेसारखा असतो: कड धारदार, तुटला तर टवका उडतो. डागडुजी केलेल्या जागी रंग मऊ, फुगीर आणि कडेवर सांडलेला दिसतो. लाल ताऱ्यावर नेलपॉलिश लावून विकलेले बिल्ले दुर्मीळ नाहीत. अतिनील टॉर्चच्या उजेडात असा भराव बहुधा वेगळा चमकतो.

स्वस्त बिल्ल्यांच्या नकला करून कुणाला फारसे काही मिळत नाही. फसवणूक होते ती जुळवाजुळवीत. ब्राँझ श्रेणीवर मुलामा देऊन सुवर्ण, एका पदकाला दुसऱ्याची फीत, तिसऱ्याची डबी, आणि वर 'संपूर्ण संच' अशी जाहिरात. श्रेणी पडताळताना रंगावर जाऊ नका. घासल्या गेलेल्या उंचवट्यांवर आतला धातू कोणता दिसतो ते पाहा.

५. कागदासकट घ्या

बिल्ल्यासोबत प्रमाणपत्र किंवा लहान पुस्तिका असेल तर तीच खरी कमाई. त्यात तारीख, देणारी संस्था आणि शिक्का असतो. तारखा पुष्कळदा 4 एप्रिल (मुक्तिदिन), 1 मे किंवा 7 नोव्हेंबरच्या (रशियन क्रांतीचा दिवस). खाणकामगारांच्या कागदांवर सप्टेंबरची सुरुवात दिसली तर नवल नाही, कारण त्यांचा दिवस सप्टेंबरचा पहिला रविवार.

हंगेरियन नावात आडनाव आधी येते. नावाच्या शेवटी '-ने' जोडलेले असेल तर पदक त्या पुरुषाच्या पत्नीला मिळालेले आहे. ते वाचायचे राहिले तर कापड गिरणीतल्या कामगार स्त्रीचा बिल्ला तुमच्या वहीत तिच्या नवऱ्याच्या नावावर चढतो. कागदावर बऱ्याचदा जन्मतारीख आणि पत्ताही असतो. फोटो इंटरनेटवर टाकताना तो भाग झाका, ती माणसे किंवा त्यांची मुले हयात असतील.

६. कुठे शोधावे

बुडापेस्टला गेलात तर शहराच्या कडेचा एचेरी जुना बाजार, शक्यतो सकाळी लवकर. घरबसल्या शोधायचे तर वातेरा हे हंगेरियन लिलाव संकेतस्थळ आणि दाराबांत हे लिलावघर. इंग्रजीत शोधलेत तर परदेशी व्यापाऱ्यांच्या चढ्या किमती दिसतात. हंगेरियन शब्द वापरा: येल्वेन्य (बिल्ला), कित्युंतेतेश (सन्मान), एर्देमेरेम (पदक). त्यांचे रोमन स्पेलिंग एखाद्या जाहिरातीच्या शीर्षकातूनच उचला. भारतात मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क बिल्ल्याहून जास्त होऊ शकते, म्हणून एकाच विक्रेत्याकडून चार-पाच एकदम घ्यावेत.

हंगेरीत लाल ताऱ्याच्या जाहीर वापरावर फौजदारी कायद्याने निर्बंध आहेत. इतिहास, शिक्षण आणि संशोधन यांना त्यात सूट आहे, पण घेतलेला बिल्ला कोटाला लावून बुडापेस्टच्या रस्त्यात मिरवू नका.

७. पावसाळ्यापासून जपा

मुंबई-कोकणच्या हवेत तांब्या-पितळेवर हिरवट कळक चढायला एक जुलै पुरतो. मऊ पीव्हीसी पाकिटे आणि रबरबँड टाळा, दोन्ही धातू खराब करतात. आम्लरहित कागद, पॉलिएस्टरची पाकिटे आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल पुरे. जेल सुकवून पुन्हा वापरता येते. चिंच किंवा पितांबरी लावण्याचा मोह आवरा: मुलामा एकदा गेला की श्रेणी ओळखायची खूणही गेली. फीत धुऊ नका, मऊ ब्रशने झटका.

प्रत्येक बिल्ल्याला वहीत एक ओळ द्या: किताब, राजचिन्ह, देणारी संस्था, धातू, मागची बांधणी, वजन, रुंदी, कुठून घेतला, किती दिले. वजन दशांश ग्रॅमपर्यंत घ्या, सोनाराचा छोटा काटा चालतो. समोरून जुळे दिसणारे दोन बिल्ले वजनात एक-दोन ग्रॅमने वेगळे निघाले तर ते वेगळ्या साच्याचे किंवा धातूचे असू शकतात. दुसरा विकण्याआधी दोघांच्या मागच्या बाजू शेजारी ठेवून पाहा.