लघुउद्योगात पर्यावरणाचं काम करायचंय? आधी कॉम्प्रेसरपाशी जा

लहान कारखान्यांत वीज, पाणी आणि कचरा कमी करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या कामात नव्याने येणारे बहुतेक जण सौर पॅनेल आणि प्रमाणपत्रं डोक्यात घेऊन येतात. दोन्ही चांगलीच आहेत. पण लहान कारखान्याच्या मालकाकडे वेगळा पर्यावरण विभाग नसतो आणि मोठी गुंतवणूक करायला मोकळा पैसाही नसतो. पुढच्या बिलात फरक दिसला, तरच तो तुमचं पुढचं ऐकेल. म्हणून पहिल्या दिवशी ऑफिसात बसू नका.

जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसरपाशी, म्हणजे मशीनना दाबाखालची हवा पुरवणाऱ्या यंत्रापाशी जा. मशीन बंद असतात, तरी कॉम्प्रेसर मधूनमधून लोड घेतच असतो, म्हणजे हवा भरतच असतो. हवा कुणी वापरत नाही, म्हणजे ती गळते आहे. तो किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता) चालतो ते घड्याळ लावून लिहून काढा. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागलं की कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा किती हिस्सा गळतीत जातो ते कळतं. देखभालीकडे दुर्लक्ष झालेल्या ठिकाणी हा आकडा 20 ते 30 टक्के सहज निघतो. मग साबणाचं पाणी घेऊन कपलिंग, होजचे क्लॅम्प, ड्रेन व्हॉल्व्ह एकेक तपासायचे. बुडबुडे दिसले की खडूने खूण करायची आणि फिटरला सोबत घेऊन त्याच आठवड्यात दुरुस्ती उरकायची.

एवढा खटाटोप कशासाठी? कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी साधारण 10 ते 15 टक्केच हवेच्या रूपाने कामी येते, बाकीची उष्णता होऊन जाते. शेवटच्या मशीनला हवा कमी पडते म्हणून अनेक ठिकाणी प्रेशर वाढवून ठेवलेलं असतं. गळती बुजली की ते खाली आणता येतं. 7 बारच्या आसपास 1 बार कमी केला, तर कॉम्प्रेसरची सुमारे 6 ते 7 टक्के वीज वाचते.

प्लेटिंगच्या (वस्तूवर धातूचा मुलामा चढवण्याच्या) कारखान्यात मात्र आधी पाण्याकडे बघा. जॉब, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तू, ज्या चौकटीवर टांगतात तो रॅक रसायनाच्या टाकीतून काढून लगेच धुवायला नेला, तर जॉबला चिकटलेलं रसायन पाण्यात जातं. तेच पुढे सांडपाण्यात आणि गाळात येतं, आणि प्रक्रियेचा खर्च वाढवतं. रॅक 10 ते 20 सेकंद टाकीवर निथळू दिला, तर बरंचसं रसायन टाकीतच परत पडतं. पण ऑपरेटरने जड रॅक हातात धरून उभं राहावं ही अपेक्षा चुकीची आहे. टाकीवर आडवा दांडा बसवून द्या, रॅक तिथे टांगला जाईल. काही प्लेटिंगमध्ये जॉब वाळला की डाग पडतात, म्हणून किती वेळ टांगायचं ते ऑपरेटरलाच विचारून ठरवा. धुण्याच्या दोन टाक्या असतील तर ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडा आणि तिथून ते पहिल्या टाकीत येऊ द्या. जॉब एका दिशेने जातो, पाणी उलट्या दिशेने. एकाच टाकीत धुण्याच्या तुलनेत तेवढ्याच स्वच्छतेसाठी 90 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी वाचू शकतं.

स्क्रॅपचा हिशोब मांडताना भंगाराच्या भावावर थांबू नका. बाद झालेल्या जॉबमध्ये पूर्ण दराने घेतलेला माल, मशीनचे तास, मजुरी आणि वीज असं सगळं गेलेलं असतं. हा हिशोब पद्धतशीर कसा मांडायचा यासाठी 2011 मध्ये आयएसओ 14051 हे मानक आलं. एकदा तो मालकासमोर ठेवला की रिजेक्शन कमी करणं हा क्वालिटीवाल्यांचा एकट्याचा विषय राहत नाही.

आकडे नेहमी उत्पादनाशी जोडून ठेवा: किलोमागे युनिट, जॉबमागे लिटर. ऑर्डर घटल्या की बिल आपोआप उतरतं. ती बचत आपली म्हणून दाखवली, तर विश्वास जातो.

आयएसओ 14001 हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र घ्यायचं की नाही, हे ग्राहक मागतो का ते पाहून ठरवा. माहितीची मागणी मात्र वाढतेच आहे. युरोपीय संघाच्या सीबीएएम नियमाचा (आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावर शुल्क लावणाऱ्या नियमाचा) मुख्य टप्पा 2026 पासून लागू झाला. त्यामुळे तिकडे पोलाद किंवा अ‍ॅल्युमिनियमचा माल जात असेल, तर उत्सर्जनाचे आकडे विचारले जातात. मोठे ग्राहक तसाच तक्ता त्यांच्या पुरवठादारांकडे पाठवतात. तुम्ही रोजच्या रजिस्टरमध्ये मीटरची नोंद सुरू केली असेल, तर कारखान्याच्या स्वतःच्या वीज-इंधनाचे रकाने संध्याकाळपर्यंत भरून होतात.